गिलाव्यामागचं धुराडं

इंग्लंडमधल्या जवळपास कोणत्याही शहरात व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या लांबलचक ओळी आजही उभ्या आहेत. अशा घराच्या बैठकीत पाऊल टाकलं की एका भिंतीचा मधला भाग हातभर पुढे आलेला दिसतो. त्याच्या दोन्ही अंगांना खोलगट जागा उरतात आणि तिथे बहुधा पुस्तकांची कपाटं असतात. हा पुढे आलेला भाग म्हणजे धुराड्याची भिंत. तिच्या पायाशी कधीकाळी कोळसा पेटत असे. आज तिथे फळी ठोकलेली असते, वर कागद किंवा रंग असतो, आणि घरातल्या नव्या मंडळींना त्या भिंतीचं करायचं काय, हा प्रश्न पडलेला असतो. लंडन आणि त्याच्या आसपास स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकीही अनेकांनी अशीच घरं घेतली आहेत. मग कुणीतरी सुचवतं की गिलावा फोडा, आतली वीट मोकळी करा, खोलीचं रूप पालटेल.

ही हौस मला मनापासून समजते. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा गवंड्याने हाताने रचलेली वीट पाहण्यात मोठा आनंद आहे. पण छिन्नी उचलण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी. ती वीट दिसण्यासाठी रचलेलीच नव्हती, आणि तिच्यावरचा गिलावा केवळ शोभेसाठी नव्हता. धुराड्याची भिंत हे एक काम करणारं यंत्र आहे आणि गिलावा हा त्या यंत्राचा भाग आहे.

हे यंत्र आतून कसं असतं, ते आधी पाहू. अशा घरात प्रत्येक महत्त्वाच्या खोलीला स्वतःची शेगडी असे, आणि प्रत्येक शेगडीला स्वतःची धूरनळी. दोन शेगड्यांचा धूर एका नळीत सोडत नसत, कारण एकीचा धूर दुसरीतून खोलीत उलटतो. त्यामुळे छपरावरच्या धुराड्याच्या टोकावर मातीच्या जितक्या कुंड्या दिसतात, साधारण तितक्या नळ्या खाली भिंतीत असतात. नळीचं माप बहुतेक वेळा ९ बाय १४ इंच, काही ठिकाणी ९ बाय ९. तळमजल्यावरून निघालेली नळी सरळ वर जात नाही. वरच्या मजल्यावर तिच्या वाटेत तिथली शेगडी येते, म्हणून ती वळसा घेऊन शेजारून निघते. दोन नळ्यांच्या मध्ये फक्त अर्ध्या विटेचा, म्हणजे साडेचार इंचांचा पडदा असतो. बाहेरून भरभक्कम वाटणारी भिंत अशी आतून पोकळ, वळणावळणांची असते. पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातला गिलावा जोरात ठोकताना एखादी वीट आत गेली आणि समोर काळं भोक पडलं, तर ती तळमजल्याची धूरनळी असते.

याच अरुंद नळ्यांत लहान मुलांना चढवून काजळी खरवडून घेत असत. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामधंद्यातून होणाऱ्या कर्करोगाचं वैद्यकाने नोंदवलेलं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. तरीही मुलांना नळीत चढवणं थांबायला आणखी शंभर वर्षं गेली. १७८८, १८३४, १८४०, १८६४ असे कायदे होत राहिले आणि मोडले जात राहिले. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथल्या रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कुठे त्या वर्षीच्या कायद्याला दात आले. घर १८७५ च्या आधीचं असेल, तर त्याच्या नळ्यांत मुलं चढली असण्याची शक्यता खरोखरच आहे. अशा भिंतीला मी तरी निव्वळ सजावट म्हणून हात लावू शकत नाही.

नळीच्या आतल्या अंगाला लेप असे. चुन्यात शेण कालवून तो देत. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला याचं नवल वाटणार नाही. शेणातल्या तंतूंमुळे लेप धरून राहतो आणि उष्णतेने लगेच तडकत नाही, हे इंग्लंडमधल्या गवंड्यांनाही पक्कं माहीत होतं. मात्र कोळशाच्या धुरातला गंधक पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतो आणि ते आम्ल चुन्याला खातं. काही दशकांत लेप भुसभुशीत होऊन गळू लागतो, दरजा पोकळ होतात. नव्या बांधकामांत नळीच्या आत पक्क्या मातीच्या नळ्यांचं अस्तर घालण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात आली. त्याआधीच्या घरात धूर आणि खोली यांच्यामध्ये उरतं काय? झिजलेला लेप, अर्धी वीट आणि खोलीच्या बाजूचा गिलावा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असतो. सांध्यांमधून तो झिरपू नये म्हणून हा गिलावा फार मोलाचा असतो.

आता वीट. घराचा दर्शनी भाग आणि आतलं काम यांसाठी बांधणारे वेगवेगळ्या विटा वापरत. रस्त्याकडे निवडक, एकसारख्या, नीट भाजलेल्या विटा. आत, गिलाव्याखाली जाणाऱ्या भिंतींना कमी भाजलेल्या, वाकड्या, रंगाने फिक्या, तुटक्यासुद्धा. लंडनची प्रसिद्ध पिवळसर वीट तिथल्या गाळमातीत खडू आणि शहरातल्या कचऱ्याची चाळलेली राख मिसळून बनत असे. राखेतले अर्धवट जळालेले कोळशाचे कण वीट भाजताना आतूनच पेटत. त्यामुळे या विटांवर काळे ठिपके आणि भोकं दिसतात. १८८० च्या दशकापासून पीटरबरोजवळच्या फ्लेटन गावची गुलाबी वीट रेल्वेने सगळीकडे जाऊ लागली. तिथल्या मातीतच इतका सेंद्रिय अंश आहे की भट्टीला बाहेरून फार थोडं जळण लागतं, म्हणून ती स्वस्त पडे. पण तिच्यात क्षारही भरपूर असतात. गिलावा काढल्यावर यांतली कोणती वीट हाती लागेल, हे नशिबावर आहे. मासिकांतल्या छायाचित्रांत दिसते तशी एकसंध लाल भिंत क्वचितच निघते. बहुतेकदा तीन रंगांच्या विटा, मध्येच कुणीतरी नंतर बुजवलेलं भोक, त्यात कोंबलेले दगड आणि शेगडीभोवतीचे काळवंडलेले पट्टे असा ऐवज समोर येतो.

गिलावा काढून आतलं बांधकाम दाखवण्याची हौस नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुतज्ज्ञांनी आतल्या भिंतींवरचा शेकडो वर्षांचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला. त्यांना वाटलं, उघडा दगड म्हणजे मूळ मध्ययुगीन रूप. वास्तविक तो ओबडधोबड दगड मध्ययुगातल्या कारागिरांनी झाकण्यासाठीच रचला होता, आणि खरवडलेल्या गिलाव्याबरोबर त्यावरची जुनी चित्रंही गेली. या उद्योगाने संतापलेल्या विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली वास्तुविशारद फिलिप वेब यांच्यासह जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोक तिला 'अँटी-स्क्रेप' म्हणू लागले, खरवडण्याच्या विरोधातली मंडळी. ती संस्था आजही काम करते. मॉरिस यांचं म्हणणं मला पटतं: इमारतीवर चढलेले काळाचे थर हीसुद्धा तिची मालमत्ता आहे, आणि आपण फक्त तात्पुरते राखणदार आहोत.

विसाव्या शतकात उघडी वीट घरात आली ती वेगळ्या वाटेने. न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या रिकाम्या पडलेल्या कारखान्यांत आणि गोदामांत १९६० च्या दशकात चित्रकार, शिल्पकार राहू लागले. त्या जागांत गिलावा मुळातच नव्हता, आणि करायला त्यांच्याकडे पैसेही नव्हते. पुढे त्या जागांना भाव आला आणि त्यांची उघडी वीटही ऐटीची खूण ठरली. राहत्या घरांतले गिलावे लोक फोडू लागले ते त्यानंतर. आपल्याकडच्या उघड्या विटेची गोष्ट याहून निराळी आहे. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि केरळात आयुष्य घालवलेले लॉरी बेकर वीट उघडी ठेवत, पण ती उघडी राहणार हे धरूनच निवडत आणि रचत. अहमदाबादच्या आयआयएमच्या लुई कान यांच्या विटांच्या कमानींचंही तसंच. धुराड्याच्या भिंतीतल्या गवंड्याने हा विचार केलेला नव्हता, आणि त्याच्यावर तो आपण मागाहून लादतो आहोत, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग उघडावं की नाही? उघडण्यासारखी एक जागा नक्की असते: शेगडीचं मूळ तोंड. घर बांधताना गवंडी भिंतीत मोठी कमानदार जागा सोडत असे. तिच्यात पुढे ओतीव लोखंडाची सुबक शेगडी बसे आणि बाजूची पोकळी विटांच्या तुकड्यांनी भरली जाई. १९३० च्या सुमारास तीच काढून तिथे चकाकत्या फरशांची शेगडी आली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट धुरकं साचून हजारो माणसं दगावली, १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांतून उघडा कोळसा हटत गेला. मग गॅसची शेगडी बसली, त्यापाठोपाठ घरभर गरम पाण्याच्या नळ्या आल्या आणि अखेर तोंडावर फळी. बीबीसीवर बॅरी बकनेल यांच्यासारखे कार्यक्रमकर्ते जुनी नक्षी हार्डबोर्डखाली झाकून घर आधुनिक कसं करावं, हे त्याच सुमारास शिकवत होते. आज ती फळी काढून आतला भराव उपसला की हे सगळे थर उलट्या क्रमाने निघत जातात. शेवटी वर विटांची कमान आणि तिच्या पोटाला आधार देणारी लोखंडी पट्टी दिसते. इथे गवंड्याने मन लावलेलं असतं, कारण ही कमान वरच्या दोन मजल्यांचं धुराडं तोलते. तिच्यातली एक वीटही ढिली झाली, तर काम थांबवून बांधकामाच्या अभियंत्याला बोलवावं.

भराव उपसताना हात जपून चालवावा, याला आणखी एक कारण आहे. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत धुराड्याच्या आसपास लपवलेले जोडे सापडतात. बहुधा एकच, झिजलेला, पुष्कळदा लहान मुलाचा. धुराडं हे घराचं कधीच बंद न होणारं दार, तिथून वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून हा तोडगा असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. नॉर्दॅम्प्टन हे जोडे बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या संग्रहालयात जून स्वॉन यांनी १९५० च्या दशकात अशा सापडलेल्या जोड्यांची नोंदवही सुरू केली आणि ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली आहे. असं काही मिळालं तर जागेवरच छायाचित्र घ्यावं, संग्रहालयाला कळवावं, आणि शक्य असेल तर वस्तू घरातच ठेवावी. ती त्या घराची आहे.

प्रत्यक्ष कामाआधी काही धोके तपासावे लागतात. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. इंग्लंडमध्ये शिशाचे रंग सर्वसामान्य विक्रीतून १९९२ साली गेले, त्यामुळे त्याआधीचा कोणताही थर संशयास्पद समजावा. शेगडीच्या तोंडावर ठोकलेली करड्या रंगाची फळी ॲस्बेस्टॉसची असण्याची भीती असते. त्या देशात त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. अशी फळी स्वतः तोडू नये, आधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. विटेच्या धुळीत सिलिका असते आणि काजळीचं पॉट यांनी सांगितलंच आहे, तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो. खोली रिकामी करून दाराला पडदा लावावा. काजळी इतकी सूक्ष्म असते की ती बंद कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोहोचते.

पहिल्या दिवशी सगळी भिंत फोडायची नाही. दोन ठिकाणी, एक खाली शेगडीजवळ आणि एक वर, वहीच्या पानाएवढा तुकडा काढून पाहावा. गिलावा चुन्याचा असेल तर त्यात जनावराचे केस दिसतील. तीन हातांनी तो केलेला असतो: केस मिसळलेला खडबडीत पहिला थर, सपाटीचा दुसरा आणि बारीक चुन्याचा पातळ, गुळगुळीत तिसरा. असा गिलावा रुंद छिन्नी भिंतीला जवळजवळ आडवी धरून हलक्या हाताने उचलला की पापुद्र्यासारखा सुटतो आणि वीट शाबूत राहते. गिलावा सिमेंटचा निघाला, तर बहुतेकदा तो विटेपेक्षा कठीण असतो आणि सुटताना विटेचा चेहरा सोबत घेऊन येतो. अशा भिंतीत पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विटेचा चेहरा जपायचा तो एका साध्या कारणासाठी. भट्टीत विटेच्या पृष्ठभागावर एक टणक कातडी तयार होते. आतली माती त्यामानाने मऊ आणि सच्छिद्र असते. वाळूचा मारा करून वीट स्वच्छ करणारे ती कातडीच सोलून काढतात. मग वीट लालभडक दिसते खरी, पण पुढे वर्षानुवर्षं तिचा भुगा खाली पडत राहतो. साफसफाई कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने करावी, तारेचा ब्रश वापरलाच तर फार जपून. आम्लाने धुणं टाळावं, आणि पाण्याचा मारा तर नकोच. पाणी विटेतले क्षार विरघळवतं, आणि ते सुकताना सगळं पृष्ठभागावर येतं.

आपण ज्याला भिंतीला लोणा लागणं म्हणतो, ते हेच. धुराड्यात तो अधिक चिवट असतो. शतकभराच्या कोळशाने विटांत सल्फेट, क्लोराइड आणि काजळीतले डांबरासारखे पदार्थ मुरलेले असतात. यातले काही क्षार हवेतला दमटपणाच ओढून घेतात. त्यामुळे छप्पर कुठेही गळत नसताना पावसाळी हवेत भिंतीवर ओला तपकिरी डाग उमटतो. गिलाव्याआड हे सगळं दडलेलं होतं. वीट उघडी केल्यावर पांढरी पूड दिसू लागते, आणि घाबरून लोक भिंतीवर चकचकीत वॉर्निश मारतात. त्याने पुढचं नुकसान ओढवतं: ओल बाहेर पडू शकत नाही, क्षारांचे स्फटिक त्या पातळ पडद्यामागे वाढतात आणि विटेचे पोपडे काढतात. भिंतीला काही लावायचंच असेल तर चुन्याची पातळ सफेदी लावावी. तिच्यातून वाफ आरपार जाते.

दरजा भरण्याचं कामही चुन्यानेच करायचं. जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं, तरी इंग्लंडमधली सामान्य घरं पहिल्या महायुद्धापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही चुन्यातच बांधली जात होती. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून चुनकळी उरते. ती पाण्यात विरवली की चुना होतो, आणि तो भिंतीत बसल्यावर हवेतून तोच वायू परत घेत घेत पुन्हा दगड बनतो. पुण्यातल्या वाड्यांसाठी घाण्यात मळलेला चुनाही याच नियमाने घट्ट झाला. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, आणि तो मऊ असायलाच हवा. भिंत थोडी हलली की सांधा दबतो, वीट फुटत नाही. ओल निघते तीसुद्धा सांध्यातून, आणि झिजायचं असेल तर सांधा झिजतो, जो पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येतो. सिमेंटच्या दरजांनी हा सगळा हिशेब उलटतो: सांधा टिकतो आणि वीट झिजते. म्हणून ढिला मसाला सुमारे दोन सेंटिमीटर खोल, हातानेच खरवडून काढावा, विटा ओल्या कराव्यात आणि एक भाग चुना, तीन भाग कणीदार वाळू असा कोरडासर मसाला दाबून भरावा. थोडा घट्ट झाल्यावर ताठ ब्रशच्या टोकांनी ठोकला की वाळूचे कण वर येतात. पुढचे काही दिवस ओलं फडकं टांगून तो सावकाश सुकू द्यावा. खोली गरम करून घाईने सुकवलेला चुना पिठासारखा सुटतो.

धुराडं वापरायचं असेल तर गणित वेगळं. धूरनळी साफ करून घ्यावी, धूर सोडून तपासणी करावी आणि पोलादी अस्तर घातल्याशिवाय त्यात काहीही पेटवू नये. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र हवं. वापरायचं नसेल तरी नळी खालून-वरून गच्च बंद करू नये. आत अडकलेली दमट हवा थंड विटांवर पाणी होऊन बसते. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली शेगडीच्या जागी जाळीचं भोक, एवढं पुरतं. आणि शेजारी विसरता येत नाहीत. या ओळींत धुराड्याची भिंत बहुधा दोन घरांत सामाईक असते. गिलावा गेला की पलीकडचं बोलणं पोकळ दरजांतून ऐकू येऊ लागतं, आणि त्यांची शेगडी पेटती असेल तर त्यांचा धूरही येतो. सामाईक भिंतीत कापाकापी करायची तर १९९६ च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं, आणि घर वारशाच्या यादीत असेल तर गिलावा काढण्यासाठी परवानगी लागते.

हे सगळं तोलून मी सुचवीन ते असं: शेगडीचं मूळ तोंड आणि वरची कमान मोकळी करावी, आतल्या विटा काजळीच्या खुणांसह तशाच राहू द्याव्यात, आणि वरची भिंत चुन्याच्या गिलाव्यातच ठेवावी. गवंड्याने जिथे हात दाखवला ती जागा उजेडात येते आणि ज्या गिलाव्याला काम आहे तो कामावर राहतो. मग पहिला हिवाळा भिंतीवर नजर ठेवावी. पांढरी पूड आली तर कोरड्या ब्रशने झाडून केरात टाकावी, ओल्या फडक्याने पुसू नये. दोन-तीन हंगामांत ती बहुधा कमी होते. तपकिरी डाग मात्र वरून खाली उतरत असेल, तर खोलीत काही करण्याआधी गवंड्याला छपरावर पाठवावं. धुराड्याच्या मुळाशी, जिथे ते कौलांतून वर निघतं, तिथला शिशाचा पत्रा फाटलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.